गिरजाबाईंचं पद आणि माझी कात्री

सिनेमाच्या ऑपरेटरला सिनेमाचा एकच भाग नीट माहीत असतो, पडद्याचा उजवीकडचा वरचा कोपरा. रीळ संपत आलं की तिथे एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की शेजारचं दुसरं मशीन सुरू करायचं. मग दुसरा ठिपका दिसला की पहिल्या मशीनचा उजेड झाकायचा आणि दुसऱ्याचा उघडायचा. हे बिनबोभाट जमलं तर खाली बसलेल्या माणसाला कळतही नाही की एक रीळ संपून दुसरं लागलं. नाही जमलं तर तो ऑपरेटरच्या आईबापांचा उद्धार करतो. त्यामुळे नायिका रडत असताना, नायक मरत असताना मी आयुष्यभर त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. लोक म्हणायचे, "मजा आहे गा तुझी, रोज फुकटात पिच्चर!" मी हसून मान डोलवायचो.

आमचं सिनेमागृह सीताबर्डीच्या गर्दीत होतं. केबिन वर, लोखंडी जिन्यानं चढून जायची. आत दोन मशीनं, आणि प्रत्येकाच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या, वेल्डिंगसारखा पांढरा जाळ करत जळणाऱ्या. नागपूरचा मे महिना, वर हा जाळ. मी बनियनवर काम करायचो, आणि मालक शेठजी वर आले की त्यांच्यासमोर बनियनवर आहे याचीही मला लाज वाटायची. माझा स्वभावच तसा आहे. वीज गेली तरी मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. बायको म्हणते, "पाऊस पडला तरी तुम्ही छत्री नसलेल्या माणसाची माफी मागाल."

केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला यायची मनाई असते, पण येणारे येतातच. एकदा एक शेतकरी धापा टाकत वर आला. एका सिनेमात बैलगाडीचं दृश्य होतं आणि त्यातली जोडी त्याची होती. मला म्हणाला, "साहेब, जरा हळू चालवा ना जी. माझे बैल येतेत न् जातेत, पाहूच देत नाही." मी त्याला समजावलं, की मशीन हळू चालवलं तर मागचा जाळ फिल्मला लागेल आणि बैल जळतील. तो घाबरून खाली गेला. रात्रभर मला वाटत राहिलं, आपण 'बैल जळतील' असं म्हणायला नको होतं.

आता कात्रीबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळे झाली. फिल्म तुटते. तुटली की फाटलेला भाग कापायचा, दोन्ही टोकं ब्लेडनं खरवडायची, सिमेंट म्हणून एक उग्र वासाचं औषध मिळायचं ते लावायचं आणि दाबून धरायचं. जोड बसला. प्रत्येक जोडात चार-दोन चित्रं कमी होतात. एक प्रिंट गावोगाव फिरते, प्रत्येक ऑपरेटर थोडं थोडं कापतो. शेवटच्या गावात पोचेपर्यंत अशी अवस्था व्हायची की नायकाचा बाप मरायच्या आधीच त्याच्या फोटोला हार चढलेला असे. पण हे कापणं मशीनच्या गरजेपुरतं. माणसाच्या गरजेसाठी मी एकदाच कापलं. ते गिरजाबाईंसाठी.

माझं मूळ गाव कुहीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांतलं. दिवाळी झाली, धान कापून झालं, की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा आणि दिवे लागले की नाटक. गावातली समिती नाटक मंडळीला आधी सुपारी देऊन ठरवून ठेवते. आमच्या गावात बरीच वर्षं एकच नाटक यायचं आणि ते आणायचं ते गिरजाबाईंसाठी. नाटकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सिनेमाचंही तेच होतं आणि दोन्हीकडची माणसं अजून एकमेकांवर रुसलेली आहेत.

गोष्ट साधी. नवरा दुसरी बायको करायला निघाला आहे. निघण्याआधी घरी शेवटचा जेवणार आहे. त्याच्याच जेवणासाठी पहिली बायको सूप घेऊन तांदूळ निवडत बसते आणि पद म्हणते, 'निवडिते मी दिवस माझे तांदळापरी.' गिरजाबाई ते पद म्हणायच्या तेव्हा मंडपात पोरं रडायची थांबायची. गाता गाता त्यांना सुपात एक खडा सापडायचा. त्या तो उचलून बघायच्या, पण टाकायच्या नाहीत. मूठ मिटायची आणि पद संपेपर्यंत ती तशीच मिटलेली. मी पुढे बसायचो म्हणून मला ते दिसायचं. मागच्या लोकांना दिसत असेल असं वाटत नाही. त्यांना आवाज पुरत होता.

एरवी गिरजाबाई नागपुरात मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायच्या. चाळिशी ओलांडलेली, उंच, चष्मा लावणारी बाई. त्यांच्याच मंडळीत नत्थूजी होते. ते पावसाळ्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करायचे आणि हिवाळ्यात नाटकात घरगड्याचं विनोदी काम करायचे. तो गडी नवऱ्याला टोमणे मारतो, वाढायला येतो, मुद्दाम सांडतो. नत्थूजी आले की लोक आधीच हसायला लागायचे.

आणि एका दसऱ्याला या नाटकाचा सिनेमा आमच्या पडद्यावर लागला. सिनेमा मुंबईचा, नायिका तरुण, पडद्यामागून पद म्हणणारी तिसरीच. पहिल्या आठवड्यापासून हाऊसफुल्ल.

शेठजी खुश होते. मीही खुश असायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या गावच्या समितीचे अध्यक्ष वामनराव सिनेमा पाहायला आले आणि खेळ सुटल्यावर मला भेटले. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "दामू, लय मस्त आहे गा पिच्चर. आता सांग, यंदा मंडईत तेच नाटक आणून काय फायदा? अर्धं गाव इथं येऊन पाहून गेलं. मग नाटक कोण पाहीन?"

"पण सुपारी दिली आहे ना तुम्ही?"

"दिली म्हून तर अडकलो. यंदा होऊन जाऊ दे. पुढच्या सालापासून दुसरं नाटक. मंडळीवालेही तेच म्हून राहिले. गिरजाबाईले म्हणे आता सासूचं काम देतील."

गिरजाबाई आणि सासू! मला रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "सिनेमा तुम्ही काढला का?" मी म्हणालो, "दाखवतो तर मीच ना." रोज तीन खेळांना मीच ते पद लावत होतो. एकेका खेळागणिक गिरजाबाईंना सासू करत होतो.

मंडळीतले पहिले पाहायला आले ते नत्थूजी. खेळ संपला आणि ते थेट केबिनमध्ये.

"दामू, माझा भाग कुठं आहे गा?"

"कुठला भाग, नत्थूजी?"

"गड्याचा! मी पुऱ्या पिच्चरभर वाट पाहून राहिलो. म्हटलं, आता येईन, मग येईन. तू कापला का बे?"

मी शपथ घेतली की मी एक इंचही कापलेला नाही, सिनेमात गडीच नाही. त्यांचा विश्वास बसेना. दोन दिवसांनी पुन्हा आले, तिकीट काढून. पुन्हा वर आले. या वेळी आवाज खाली गेला होता.

"दामू, एक गोष्ट खरी सांग. तो कुत्रा आहे ना, नवऱ्याच्या मागं मागं फिरते तो?"

"हो."

"तो माझ्या जागी घेतला का?"

सिनेमात बंगला होता आणि बंगल्यात गड्याऐवजी एक झुपकेदार कुत्रा होता. नवऱ्याच्या ताटाशी तोच बसायचा.

"नत्थूजी, तसं नाही म्हणता येत..."

"कुत्रा चांगला आहे," ते म्हणाले. "काम चोख करते. पण त्याले एक तरी डायलॉग द्याचा होता ना गा. नोकर असून मुकाट बसते, हे मले पटलं नाही."

जाताना दारात थांबून म्हणाले, "रविवारच्या खेळाले गिरजाबाई येऊन राहिली. शेठनं बोलावलं."

ते खरं होतं. शेठजींना कल्पना सुचली होती, की मूळ नाटकातल्या नायिकेला बोलवावं, खेळाआधी हार घालावा, मध्यंतरात तिनं सिनेमाबद्दल दोन शब्द चांगले बोलावेत. बाहेर बोर्डही लागला, 'मूळ नाटकातील कलावंत रविवारी प्रेक्षकांत.' मी तो बोर्ड वाचला आणि बाई न आल्या तर बरं, असं मला वाटलं.

कारण ते पद सिनेमात कसं आहे, हे कोपऱ्याकडे बघता बघताही मला दिसलं होतं. नायिका तांदूळ निवडत नव्हती. ती तळ्यात बोटीत बसली होती, मांडीवर फुलांची टोपली घेऊन. एका कडव्यात निळं लुगडं, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात आणखी कुठलं. नवरा सोडून चाललेल्या बाईला लुगडी बदलायला वेळ कसा मिळाला, हे दिग्दर्शकालाच ठाऊक. माझ्या डोळ्यांपुढे गिरजाबाई येत होत्या, गळ्यात शेठजींचा हार, आणि समोर भिंतीएवढी ती दुसरी बाई त्यांचं पद म्हणते आहे. लोक टाळ्या वाजवताहेत. आणि हे सगळं मी दाखवतो आहे.

रविवारी सकाळी मी केबिनमध्ये लवकर गेलो, ते रीळ उलगडलं आणि पद कापून काढलं. टोकं खरवडली, जोड दिला. नवरा बॅग भरतो, आणि एकदम जेवायला बसतो. कापलेला तुकडा नीट गुंडाळून डब्यात ठेवला. हातून असा सुबक जोड क्वचितच बसला असेल. मला फार हलकं वाटलं. माझ्या स्वभावाला हलकं वाटणं मानवत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

खेळ सुरू झाला. हार त्याआधीच झाला होता. गिरजाबाई बाल्कनीत पहिल्या रांगेत, शेजारी नत्थूजी. ते रीळ लागलं. नवऱ्यानं बॅग भरली. हॉलमध्ये खोकणं, कुजबुज थांबली. सगळे पदासाठी सरसावून बसले. आणि नवरा जेवायला बसला. शेजारी कुत्रा.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग स्टॉलमधून एक आवाज आला, "अबे, पद कुठं गेलं?" मग दुसरा. मग शिट्ट्या, मग खुर्च्या आपटणं. "पद दाखव बे!" "पैसे वापस!" मी हात घट्ट धरून मशीनपाशी उभा. मी गिरजाबाईंचा विचार केला होता. पण बाकीचा हॉल त्या पदासाठीच तिकीट काढून बसला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लोखंडी जिना वाजला. मला वाटलं शेठजी. पण आधी आत आल्या त्या गिरजाबाई, गळ्यात झेंडूचा हार तसाच. मागे शेठजी, घामाघूम. त्यांच्या मागे नत्थूजी, आनंदानं फुललेले.

"मी म्हणतच होतो!" नत्थूजी ओरडले. "हा कापते! माझाही यानंच कापला!"

"क्या किया रे तूने?" शेठजी म्हणाले. "पब्लिक खुर्च्या तोडेल आता!"

गिरजाबाईंनी हात वर केला. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"काहून कापलं गा?"

"बाई, मला वाटलं... तुम्हाला पाहवणार नाही."

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही."

"मी काय फुलं अन् हारासाठी आली का इथं? मी त्या पदासाठी आली. तिनं काय केलं ते मले पाहाचं होतं. आन तू तेवढंच कापून ठेवलं!" मग त्यांनी मशीनकडे पाहिलं. "अन् जोड दिला तो मले दिसला. शिवणाची बाई आहे मी. नवरा बॅग भरते, अन् हातही न धुता एकदम जेवाले बसते?"

माझी नजर डब्याकडे गेली.

"आहे का तो तुकडा? का फेकला?"

मी डबा दाखवला.

"मग लाव."

आता चालू रिळात मधेच तो घालता येत नव्हता. मशीन थांबवून, रीळ काढून, जोडून पुन्हा लावेपर्यंत लोकांनी पडदा खाली आणला असता. मी म्हणालो, शेवटचं रीळ संपल्यावर लावतो. शेठजींनी कपाळाला हात लावला, पण दुसरा इलाज नव्हता. ते स्वतः खाली जाऊन पडद्यापुढे उभे राहिले आणि हात जोडून सांगून आले, की पद आहे, पण शेवटी आहे.

त्यामुळे त्या रविवारी आमच्या प्रेक्षकांनी सिनेमा असा पाहिला : नवरा गेला, पस्तावला, परत आला, बायकोच्या पाया पडला, दोघांचं मीलन झालं, कुत्र्यानं शेपूट हलवली. आणि मग बायको बोटीत बसून नवरा गेल्याचं पद म्हणू लागली. एक माणूस उठून गेला नाही. कोणीतरी ओरडलं, "पुन्हा गेला का बे?" सगळा हॉल हसला. आणि बाल्कनीतून नत्थूजींचा आवाज आला, "दामू, डब्यात नीट पाहाय! माझाही तुकडा असन तर लाव!"

मग हसणं ओसरलं, कारण पद खरंच चांगलं गायलं होतं. माझ्यापुढे ठिपक्याची काळजी नव्हती, हे एकटंच भेंडोळं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोपरा सोडून सगळा पडदा पाहिला. शेवटच्या कडव्यात नायिकेच्या हाताला फुलांच्या टोपलीत काहीतरी लागलं. तिनं ते उचललं. खडा होता. तिनं तो पाहिला, टाकला नाही, आणि मूठ मिटली. कॅमेरा मुठीजवळ गेला. मूठ सगळा पडदाभर झाली.

मी केबिनच्या खिडकीतून खाली पाहिलं. गिरजाबाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या.

हॉल रिकामा झाल्यावर आम्ही व्हरांड्यात चहा घेतला. मी तीन वेळा माफी मागितली. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बस कर गा. चहा थंडा होते."

मग म्हणाल्या, "दामू, मी अशी दिसत होती का?"

मला प्रश्न कळला नाही.

"ते खड्याचं. इतकी वर्षं मी करून राहिली, पण मी कुठं पाह्यलं होतं? आपलं काम आपल्याले दिसते का? आज पाह्यलं." आणि त्या हसल्या. "पहिल्या खेळाले खडा टाकासाठी जागाच नव्हती. स्टेजच्या काठाले पोरं बसली होती, एखाद्याच्या डोळ्यात जाईन म्हून मुठीत धरला. तीच सवय पडून गेली. ती पिच्चरवाली बाई दोन सालं आधी आमचं नाटक पाहून गेली, पहिल्या रांगेत बसून. मले काही विचारलं नाही तिनं. पण पाह्यलं बराबर!"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण चोर हुशार निघाला तर घरधन्याले जरा बरंही वाटते." चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "फक्त एक मले समजलं नाही. फुलाच्या टोपलीत खडा कुठून आला?"

"कुत्र्यानं टाकला असन," नत्थूजी म्हणाले.

दिवाळी झाली. मी नेहमीप्रमाणे मंडईसाठी रजा घेतली आणि गावी गेलो. नाटकवाल्यांना शाळेत उतरवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा गिरजाबाई रंग लावत होत्या आणि वामनराव समोर उभे राहून सूचना देत होते.

"बाई, पद जरा रंगवा हो. अन् एक सांगतो, राग नका मानू. पिच्चरमध्ये तिनं ते खड्याचं लय भारी केलं. मूठ मिटते पाहा अशी. तुम्हीही तसं करून पाहा ना. जमन तुम्हाले."

नत्थूजींच्या हातातला धोतराचा काष्टा सुटला.

"वामनराव!" ते म्हणाले. "अहो, ते या बाईचंच..."

"नत्थूजी," गिरजाबाई आरशात बघतच म्हणाल्या, "काष्टा घाला आधी." मग वामनरावांना, "पाहाते जी."

वामनराव समाधानानं गेले. त्यांचा काय दोष? ते दरवर्षी मागे खुर्चीत बसून पाहुण्यांची सरबराई करायचे. त्यांनी ती मूठ पहिल्यांदा पाहिली ती माझ्याच मशीनमधून. मी बोलायला तोंड उघडलं तशी गिरजाबाई म्हणाल्या, "तू माफी मागशीन तर मी रंग पुसून घरी जाईन. जा, जागा धर."

दिवे लागले आणि नाटक सुरू झालं. मंडप भरलेला होता, पण पूर्वीसारखा नाही. सिनेमा पाहून आलेली माणसं शेजाऱ्याला आधीच गोष्ट सांगत होती. "इथं बोट होती," एकजण म्हणाला. "कुत्राही होता." मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मनात एकच गोष्ट घोळत होती. आज बाईंनी मूठ मिटली तर लोक म्हणणार, सिनेमाची नक्कल केली. नाही मिटली तर म्हणणार, हिला जमलं नाही. दोन्हीकडून पुढच्या सालापासून सासू.

गिरजाबाई सूप घेऊन आल्या आणि बसल्या. पद सुरू झालं. आवाज थोडा जड झाला होता, पण त्या जडपणानं तांदूळ निवडणारी बाई आणखी खरी वाटत होती. शेवटचं कडवं आलं. त्यांना खडा सापडला. त्यांनी तो चिमटीत वर धरला, बत्तीच्या उजेडात चांगला दिसेल असा. सगळा मंडप माना उंच करून मुठीची वाट पाहू लागला. वामनराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

गिरजाबाईंनी खडा पाहिला. दार पाहिलं, ज्यातून नवरा जेवायला येणार होता. आणि खडा पुन्हा तांदळात टाकला. वरून हातानं तांदूळ सारखे केले, आणि पदाची शेवटची ओळ म्हटली.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी खणखणीत आवाजात ओरडली, "बरं केलं वं माय! खाऊ दे त्याले आता!"

बायकांची बाजू अशी हसली, अशी टाळ्या वाजवू लागली, की मागची झोपलेली पोरं उठून बसली. "वन्स मोअर! वन्स मोअर!" पुरुषही ओरडू लागले. नाटकात वन्स मोअर आला की पद पुन्हा म्हणायचं, ही रीत. गिरजाबाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी त्या खडा शोधत राहिल्या, सुपात बोटं फिरवत राहिल्या, सापडेना. शेवटच्या ओळीला त्यांनी वर पाहिलं आणि नुसतं हसल्या. आता तो खडा कुठे आहे हे कोणालाच, त्यांनाही, माहीत नव्हतं.

पुढचा प्रवेश जेवणाचा. नवऱ्याचं काम करणारे मास्तर पाटावर येऊन बसले. आत पडद्यामागे असल्यानं बाहेर काय झालं ते त्यांना धड ठाऊक नव्हतं. वाढायला नत्थूजी आले. त्यांनी भात वाढला, मागे सरकले, मंडपाकडे एकदा पाहिलं आणि आपलं नेहमीचं वाक्य सोडून हळूच म्हणाले, "मालक, सावकाश खाजा जी. घरचा भात आहे. दात दुसऱ्या घरी न्याचे आहेत तुम्हाले."

पाच मिनिटं नाटक पुढे सरकलं नाही. मास्तर घास हातात धरून बसून राहिले. तो तोंडात घालायची त्यांची हिंमत होईना, आणि ते जितके थांबले तितके लोक हसले. आणि हसता हसता एकदम कळलं, की हा माणूस या घरात यापुढे एकही घास निर्धास्त खाऊ शकणार नाही. इतकी वर्षं मी ते नाटक पाहत होतो. त्या प्रवेशात मी नेहमी बायकोसाठी रडलो होतो. नवऱ्याची भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

नाटक संपल्यावर वामनराव रंगपटात आले. त्यांचा चेहरा जरा ओशाळलेला होता. "बाई," ते म्हणाले, "ते मुठीचं नाही जमलं वाटते तुम्हाले. पण हेही चांगलं झालं. पुढच्या सालीही याच, हेच नाटक घेऊन. समितीले मी सांगतो." आणि नत्थूजींकडे वळून म्हणाले, "गड्याचं काम वाढवा जरा."

नत्थूजी त्यांच्या पाया पडायचेच बाकी होते.

मी निघताना गिरजाबाईंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "दामू, मुंबईवाल्या बाईचा पत्ता कोणाजवळ असन तर निरोप दे. म्हणाव, पुन्हा येऊन पाहून जा. नवीन माल आला."

त्या मोसमात आणि पुढेही काही वर्षं त्यांनी ते काम केलं. खड्याचं काय करणार हे पाहायला लोक एका गावच्या मंडईतून दुसऱ्या गावच्या मंडईत जायचे. शेवटी गुडघे त्यांना खाली बसू देईनात तेव्हा त्या थांबल्या, आणि सासू झाल्या नाहीत. मला एवढीच हळहळ आहे, की यातलं काही कुठल्याच फिल्मवर नाही. मी जन्मभर फिल्म हाताळली, आणि जे पुन्हा पाहायला हवं होतं ते एकाही रिळावर आलं नाही.

मंडईहून मी परत आलो तेव्हा सिनेमा अजून चालू होता, गर्दी मात्र ओसरली होती. कुहीकडून आलेल्या बायकांचा एक जथा त्या दिवशी दुपारच्या खेळाला स्टॉलमध्ये बसला होता. पद लागलं. बोट, तळं, पिवळं लुगडं. शेवटच्या कडव्यात नायिकेनं खडा उचलला, आणि खालून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "टाक वं तांदळात! खाऊ दे त्याले!"

बाकीच्या बायका हसल्या आणि वाट पाहत राहिल्या. मीही खिडकीशी येऊन वाट पाहू लागलो. पण पडद्यावरच्या बाईजवळ तांदूळ नव्हते. दसऱ्यापासून प्रत्येक खेळाला मिटत आली होती तशीच तिनं मूठ मिटली. खालून कोणीतरी "हत्" म्हणालं. आणि इतके दिवस जिच्यावर मी मनातून रागावलो होतो, त्या मुंबईच्या पोरीबद्दल मला एकदम फार अपराधी वाटू लागलं.